बांड्याला घेऊन मालवणला

समुद्राला मासा नेऊन द्यायला निघालेली माणसं मराठवाड्यात आमच्याशिवाय दुसरी कुणी नसतील. मालवणला लोक मासे खायला जातात, फार तर बघायला जातात. आम्ही झाकणाच्या पांढऱ्या बादलीत एक बोटभर मासा घालून दिवाळीच्या सुट्टीत निघालो आणि चौथ्या दिवशी परतलो. शाळा उघडल्यावर शिक्षकखोलीत सगळ्यांनी विचारलं, "कशी झाली ट्रिप?" मी म्हटलं, छान झाली. तेवढ्यावर भागण्यासारखी ती ट्रिप नव्हती, म्हणून हे लिहायला बसले.

गारखेडा

मासा मुळात माझ्या मुलाचा, चिन्मयचा. अकरावीत असताना हट्टाने त्याने खाऱ्या पाण्याची टाकी घेतली आणि तिच्यात हा मासा आणून सोडला. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे, पट्ट्यांना काळी बारीक किनार. प्रवाळांच्या उथळ, उबदार समुद्रात राहणारी ही जात. तिथे फुलासारखा दिसणारा एक विषारी जीव असतो, त्याच्या हलत्या पाकळ्यांमध्ये हा घर करतो आणि त्या घरापासून वावभरही लांब जात नाही. हे सगळं मला चिन्मयने सांगितलं. मी भूगोल शिकवते, फळ्यावर प्रवाळबेटांच्या आकृत्या काढण्यात वर्षं गेली, पण प्रवाळ डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पुढे चिन्मय इंजिनिअरिंगला बाहेरगावी गेला आणि मासा माझ्या सासूबाईंकडे आला. त्या पाच वर्षांपूर्वी, सासरे गेल्यावर, लासूर स्टेशनजवळच्या वस्तीवरून आमच्याकडे आल्या. जन्म मेंढरांमागे गेलेला. गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आल्यावर पहिले सहा महिने त्या नुसत्या गॅलरीत उभ्या राहायच्या. खाली रस्त्यावरून कुणाची शेळी गेली की वाकून बघायच्या. मग टाकी त्यांच्या ताब्यात आली आणि त्यांना काम मिळालं. आमच्याकडे अंगावर दुरंगी पट्टे असलेल्या जनावराला बांडं म्हणतात, म्हणून माशाचं नाव बांड्या पडलं.

संभाजीनगरात (त्या औरंगाबादच म्हणतात) नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी माणसं सगळं सोडून पिंपं भरतात. आमच्या घरी पहिलं पिंप बांड्याचं. ते पाणी दोन दिवस उघडं ठेवायचं, मग त्यात सागरी मिठाचं पाकीट मोजून ढवळायचं. खारटपणा मोजायला एक काचेची तरंगती नळी असते, तिच्यावर बारीक आकडे. सासूबाईंना आकडे वाचता येत नाहीत. त्यांनी चिन्मयकडून बरोबर जागा विचारून घेतली आणि तिथे कुंकवाचा ठिपका लावला, वरून पारदर्शक टेप. सुरुवातीला एकदा मीठ संपलं तेव्हा त्यांनी स्वयंपाकातलं मीठ घातलं होतं. बांड्या दोन दिवस आडवा पोहत होता आणि त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या. त्यानंतर चूक झाली नाही.

समुद्रातलं ते फूल काही आमच्या टाकीत जगलं नाही. संक्रांतीनंतर सासूबाईंनी एक रिकामं सुगड धुऊन, आठवडाभर भिजवून पाण्यात ठेवलं. बांड्या त्यात जाऊन बसला तो बसलाच. दिवसभर सुगडाच्या तोंडाशी पंख हलवत राहायचा, कुणी हात घातला की हाताला टोचायचा. "घर राखायलंय," सासूबाई कौतुकाने सांगायच्या.

यंदा यांची, म्हणजे माझ्या यजमानांची, नाशिकला बदली झाली. तिथलं घर लहान, चौथ्या मजल्यावर. माझीही बदली व्हायची होती. आम्ही दोघांनी बसून ठरवलं की आई आता वस्तीवर धाकट्या दिरांकडे जातील. त्यांना तिथेच करमेल, आपल्या माणसांत, मोकळ्या हवेत. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की मला ते खरं वाटायला लागलं. सासूबाई "बरं" म्हणाल्या. टाकी कुठे नाचवत न्यायची, हा प्रश्न निघाला तेव्हा त्याच म्हणाल्या,

"मंग त्येला त्येच्या घरी सोडून येऊ. म्या वस्तीवर, त्यो समुद्रात. ज्याचं त्यानं आपापल्या ठिकानी जावं."

माझा जीव भांड्यात पडला. एक गोष्ट मला माहीत होती आणि ती मी बोलले नाही. मासा घेतला त्या दिवशी दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, हा समुद्रातून पकडलेला माल नाही. पैदास केंद्रातला आहे. टाकीतच जन्मलाय, म्हणून टिकतो."

कोल्हापूर

पहिला मुक्काम कोल्हापूरला. बादली मागच्या सीटवर, सासूबाईंच्या पायांमध्ये. आत अर्धं पाणी, सुगड, सुगडात बांड्या, आणि सेलवर चालणारा हवेचा लहान पंप, त्याची नळी झाकणाच्या भोकातून आत सोडलेली. पंप घुर्र घुर्र करत होता. पुण्यानंतर यांनी तीनदा गाडी थांबवून इंजिनात काही आवाज येतोय का ते पाहिलं.

लॉजच्या पायऱ्या चढताना बादलीची कडी एका बाजूने निखळली. बादली कलंडली, पाणी माझ्या साडीवर, आणि मी पायरीवरच बसकण मारून तिला मांडीत धरली. मॅनेजर धावत आला. आत जिवंत मासा आहे म्हटल्यावर म्हणाला, "इथं आणून द्या की, आमचा आचारी फर्स्ट क्लास करून देतोय." सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने किल्ली दिली.

खोलीत त्यांनी आपल्या कापडी पिशवीतून एक दावं काढलं. जुनं, हातानं वळलेलं, शेळीचं. ते बादलीभोवती दोन वेढे घेऊन त्यांनी वरती पक्की पकड बांधली. मी विचारलं, हे कुठून आणलंत?

"माझ्या शेवटच्या शेळीचं हाय. तुमच्याकडं यायच्या आदी लासूरच्या बाजारात इकली न्हाई का? जनावर इकलं तरी त्येचं दावं द्यायचं नसतंय. सोडून घ्यायचं आन घरी आनायचं. दावं घरात ऱ्हायलं म्हंजी खुंटा रिकामा पडत न्हाई."

"पण ते आत्ता सोबत कशाला घेतलंत?"

"बांड्या बी जायलाय न्हवं," त्या म्हणाल्या आणि गाठ पुन्हा ओढून पाहिली.

रात्री ताटात तांबडा-पांढरा रस्सा होता. सासूबाईंनी मटण आवडीने खाल्लं.

फोंडा घाट

दुसऱ्या दिवशी घाट लागला आणि पंपाची घुर्रघुर्र बंद झाली. सेल संपले होते. जास्तीचे सेल मी घेतले होते, ते गारखेड्यातच टेबलावर राहिले होते. घाटात कुठलं दुकान? मी कपाळावर हात मारला. हे म्हणाले, कणकवलीला मिळतील, तासाभराचा प्रश्न आहे.

सासूबाईंनी झाकण उघडलं, तांब्या काढला आणि बादलीतलंच पाणी तांब्याने उचलून हातभर उंचीवरून परत बादलीत सोडायला लागल्या. उचलायचं, सोडायचं. पाण्यात बुडबुडे उठत होते. वळणावर गाडी झुकली की त्यांचा सगळा तोल जायचा, पण तांब्याची धार बादलीबाहेर गेली नाही.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" मी विचारलं.

"चिनूनं. लाइट गेली की आसंच करायची म्या. एकडाव सांच्यापातूर केलं हुतं."

एकदा संध्याकाळपर्यंत. आम्ही दोघं तेव्हा घरात नसणार, कुठे तरी कामावर असणार. मला तो दिवस माहीतही नव्हता. मी मागच्या सीटवर गेले आणि आळीपाळीने तांब्या घेतला. दहा मिनिटांत माझा खांदा भरून आला. खिडकीबाहेर साऱ्या कोकणाची हिरवी उतरण पसरलेली होती, लोक ती बघायला मुद्दाम येतात. आम्ही दोघींनी ती पाहिली नाही.

मालवण

आमच्या उतरण्याची सोय लवूच्या घरी होती. लवू पन्नाशीचा, काळासावळा, स्वतःची बोट असलेला, पर्यटकांना पाण्याखालचं प्रवाळ दाखवणारा माणूस. दाव्याने बांधलेली बादली पाहून त्याने पहिला प्रश्न केला, "तुमच्याकडे पाण्याची टंचाई आसा म्हणान पाणी घेवन इलात काय?" आम्ही हसलो. बादलीत काय आहे ते मी सांगितलं नाही. कशासाठी आणलंय हे तर नाहीच.

जेवायला सुरमईचं कालवण, तळलेली तुकडी, भात, सोलकढी. आमच्याकडे थाळीत भाकरी मधोमध असते आणि बाकी सगळं तिच्या आजूबाजूला. इथे भाताचा ढीग आणि बाकी सगळं त्याच्यावर. यांनी तीन तुकड्या खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याची फळं भोगली. सासूबाईंनी सोलकढी-भात घेतला. लवूची बायको आग्रह करायला लागली तेव्हा म्हणाल्या, "एक मासा सोबतीला आन एक ताटात, आसं कसं करू माय?"

जेवण झाल्यावर त्या एकट्याच अंगणाच्या टोकाला जाऊन समुद्राकडे पाहत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा पाहत होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "लई मोठं रान हाय. राखनार कोन ह्यात?"

खडपावर

सकाळी यांचं पोट बिघडलं होतं, म्हणून बोटीत आम्ही दोघी आणि लवू. बादली होतीच. किनाऱ्यापासून थोडं आत गेल्यावर पाण्याखाली काळे खडक दिसायला लागले. त्यांना इथे खडप म्हणतात. लवूने नांगर टाकला नाही, आधीच तरंगत असलेल्या एका फुग्याला दोर बांधला. नांगर पडला की प्रवाळ मोडतं, म्हणाला.

मी अंगात तरंगायचं जाकीट घातलं, तोंडावर काचेचा मुखवटा, तोंडात नळी, आणि बोटीची कड धरून पाण्यात उतरले. पहिल्याच श्वासाला खारं पाणी घशात गेलं. खोकून झाल्यावर डोकं खाली घातलं.

फळ्यावर मी प्रवाळ नेहमी गुलाबी खडूने काढते. इथलं प्रवाळ बहुतेक तपकिरी, मातकट पिवळं होतं. काही ठिकाणी मेंदूसारखे गोल गड्डे, काही ठिकाणी फांद्या. बऱ्याच फांद्या मोडून पांढऱ्या पडलेल्या. रंग सगळा माशांकडे होता. पिवळ्या अंगावर काळे आडवे पट्टे असलेले कळपाने फिरत होते. चपटे, पिवळेधमक, लांब तोंडाचे दोन-दोनच्या जोडीने. चोचीसारखं तोंड असलेले हिरवे-निळे मासे खडक कुरतडत होते आणि त्याचा कुरकुर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येत होता. इतकं सगळं हलत होतं आणि प्रत्येकाला कुठे जायचं ते माहीत होतं. मी कितीतरी वेळ तशीच लोंबकळत राहिले. वीस वर्षांच्या आकृत्यांची मला लाज वाटली.

पाण्यात उतरू न शकणाऱ्यांसाठी लवूकडे एक लाकडी खोकं होतं, तळाला काच बसवलेलं. ते पाण्यावर टेकवून सासूबाई बोटीतूनच वाकून बघत होत्या. मी वर आले तेव्हा त्या खदखदून हसत होत्या.

"अगं वैशाली, ह्ये बघ, ह्ये बघ! बोटाएवढं काळं, कसं पळायलंय त्या मोठ्याच्या अंगावर!"

मी खोक्यात पाहिलं. निळसर काळा लहान मासा एका हातभर खडकावर येरझाऱ्या घालत होता. शेवाळ खायला मोठा मासा आला की हा थेट त्याच्या तोंडावर जायचा. मोठा बिचकून मागे फिरायचा.

"तां तेचा शेत," लवू म्हणाला. "शेवाळ वाढयता नि राखता. दुसऱ्याक खावक देना नाय."

"व्हय का! मंग वळकलं म्या ह्येला. बांदावर काठी घिऊन हुबं हाय. जलमभर ह्येच्याच शिव्या खाल्ल्या आमी. मेंढरू पाऊलभर वावरात गेलं की आलाच ह्यो पळत." त्या डोळे पुसत हसत होत्या. "ह्यो चरतो, ह्यो राखतो. समदं आपल्यावानीच हाय की इथं."

मग त्यांचं हसू थांबलं. कपारीतून एक मातकट, जाड ओठांचा मासा निघाला, तोंड उघडून मिटलं, आणि पिवळ्या पट्टेवाल्यांतला एक लहानगा नव्हता. इतकंच झालं. कळप फाकला आणि पुन्हा एक झाला.

"गोबरो," लवू म्हणाला.

सासूबाईंनी खोकं बाजूला ठेवलं. बादली पुढे ओढली, दाव्याची गाठ सोडली नाही, फक्त झाकण काढलं. सुगडाच्या तोंडाशी बांड्या पंख हलवत होता. लवू वाकला, आणि त्याला सगळं एकदम कळलं.

"आजये, ह्येका हंय सोडूक इलात?"

"व्हय बाबा. त्येचं घर हाय न्हवं ह्ये."

"नाय गो. ह्यो मासो हंयचो नाय. ह्येका समुद्रातला फूल लागता रवाक. ही जात ह्या खडपार मी कधी बघूक नाय. नि भायरचो मासो सोडलो तर तेचो रोग हंयच्या माशांक लागात." त्याने बांड्याकडे पुन्हा पाहिलं. "खंयच्या समुद्रातसून आणलास?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता गप्प बसायला जागा नव्हती.

"कुठल्याच नाही," मी म्हटलं. "आई, हा टाकीतच जन्मलाय. दुकानदाराने तेव्हाच सांगितलं होतं."

"मगे तेका गोबरो म्हणजे काय तांच म्हायत नाय," लवू हळूच म्हणाला. "घटकाभर पण टिकाचो नाय." आणि तो उगाचच बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन दोर नीट करायला लागला.

बोट वरखाली होत होती. सासूबाईंचा एक हात बादलीच्या काठावर होता.

"तुला ठावं हुतं?"

"हो."

"मंग बोलली का न्हाईस?"

 "सोयीचं होतं, आई. टाकीचा प्रश्न सुटत होता."

"आन म्या? मला वस्तीवर धाडायलीस ते बी सोयीचंच हाय म्हनून?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी रडायला लागले. मुखवट्याने कपाळावर वळ उठलेला, केसांतून पाणी गळतंय, आणि पंचेचाळीस वर्षांची बाई बोटीत बसून रडतेय. "हो," मी म्हटलं. "तेही सोयीचंच होतं. तुम्हाला कुणी विचारलंच नाही."

"तिथं हाय काय आता? मेंढरं इकली. धाकला आन त्येची बायकू सकाळी उठून कामाला जात्यात. म्या दिसभर कुनाकडं बघू? वस्तीवर जलमले म्हनून काय वस्तीतच टाकून यायचं मानसाला?" त्यांनी बादलीत पाहिलं. "आन म्या बी गाढवच. त्येला इचारलं का म्या? समुद्राचा मासा म्हनून निगाले समुद्रात टाकायला."

मी विचारलं, "तुम्हाला कुठे राहायचंय?"

त्यांनी आधी लवूला हाक मारली. "बाबा, वाईच तुज्या समुद्राचं पानी दे ह्येच्या बादलीत. लांबनं आलाय. चव तरी बघू दे त्येला."

बाहेर समुद्र, आत बादली, आणि त्या बादलीत लवू लहान मगाने थोडं थोडं, थांबत थांबत पाणी ओतत होता. बादलीतलं जुनं पाणी त्याने किनाऱ्यावर नेऊन टाकायला एका डब्यात काढून घेतलं. नवं पाणी पोचलं तसा बांड्या सुगडातून बाहेर आला. बादलीभर एक फेरी मारली, दुसरी मारली, काठापर्यंत वर आला. गारखेड्यात मी त्याला सुगडापासून इतकं लांब गेलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग तो वळला आणि सुगडात शिरून तोंड बाहेर करून बसला.

सासूबाईंनी झाकण लावलं.

"पानी रोज कुठं येतंय गं? वस्तीवर का नाशिकला?"

"नाशिकला येतं म्हणतात."

"मंग नाशिकला," त्या म्हणाल्या. "ह्येचं पानी कोन करनार तिथं? तुमाला दोगास्नी त्यातलं काय कळतंय?"

परतल्यावर

येताना सेलांची दोन पाकिटं घेतली आणि घाट पाहिला. यांना मी गाडीतच सगळं सांगितलं. त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग आरशातून मागे बघत म्हणाले, "आई, टाकी सोफ्याच्या जागेवर बसेल." "मग सोफा कुठं?" मी म्हटलं. "सोफा विकू," ते म्हणाले.

सोफा खरंच विकला. नाशिकच्या घरात बांड्याची टाकी दारासमोर आहे आणि पाहुणे खुर्च्यांवर बसतात. कुणी आलं की बांड्या आधी त्याच्याकडे संशयाने बघतो. नळाला सकाळी पाणी येतं. सासूबाई त्याच पांढऱ्या बादलीत मीठ ढवळतात आणि नळीवरच्या कुंकवाच्या ठिपक्याशी पाणी आलं की मला दाखवतात. आता मलाही शिकवतायत. माझ्या हाताला अजून अंदाज नाही, असं त्यांचं म्हणणं.

मागच्या रविवारी यांनी बाजारातून बादलीसाठी नवी कडी आणली आणि ते दाव्याची गाठ सोडायला बसले. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"ऱ्हाऊ दे ते," त्या म्हणाल्या. "जनावर घरात हाय. दावं कशाला सोडायलास?"